कॅप का फुटली, हे आधी पाहा

वाचकांचे पत्र : माझे वय ६१ वर्षे असून मी गिरगावात राहते. सात वर्षांपूर्वी खालच्या उजव्या पहिल्या दाढेचे रूट कॅनाल करून तिच्यावर आतून धातूची आणि बाहेरून दाताच्या रंगाची कॅप बसवली होती. गेल्या रविवारी कुर्ल्यांचे कालवण खाताना नांगी दाताने फोडायला गेले आणि कॅपचा गालाकडचा तुकडा निघाला. दुखत काही नाही, पण गाल तिथे घासतो. तुकडा मी जपून ठेवला आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, ही काढून झिरकोनियाची बसवू, पंधरा वर्षांची वॉरंटी मिळेल. यजमानांचे म्हणणे असे, की चिनी मातीचा कप तो, आज ना उद्या फुटायचाच, त्यापेक्षा सरळ सोन्याची किंवा साधी धातूची कॅप घ्यावी. झिरकोनिया खरेच फुटत नाही का? जुनी कॅप दुरुस्त होणार नाही का? समोरच्या एका दातालाही कॅप सांगितली आहे, तीही झिरकोनियाचीच घ्यावी का? जेवणानंतर भाजलेल्या सुपारीचे खांड चघळण्याची मला जुनी सवय आहे, आणि झोपेत मी दात खाते असे यजमान सांगतात. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? दिवाळीला लेक आणि नातवंडे यायची आहेत, त्याआधी काम पुरे व्हावे अशी इच्छा आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही शेवटाकडे, जाता जाता विचारला आहे. कॅप कशाची घ्यावी हाच प्रश्न बहुतेकांना पहिला वाटतो, कारण दवाखान्यात दरही पदार्थाच्या नावानेच सांगितले जातात. परंतु सात वर्षे टिकलेली कॅप नेमकी कशामुळे फुटली हे कळल्याशिवाय तिच्या जागी काय बसवावे हे ठरवता येत नाही. कुर्लीची नांगी हे निमित्त झाले. त्या कॅपने त्याआधी कित्येक रात्रींचे दात खाणे आणि कितीतरी सुपारी सोसलेली आहे, आणि नव्या कॅपच्या वाट्यालाही तेच येणार असेल तर पदार्थ बदलून फार तर फुटण्याचा दिवस लांबेल.

यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कॅपवरचे पोर्सेलीन आणि चहाचा कप यांचे मूळ एकच असले तरी दोन्हींच्या घटकांत फरक असतो. कपात चिनी माती बरीच असते, तर दातांच्या पोर्सेलीनमध्ये फेल्डस्पार हे खनिज मुख्य असून चिनी माती जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते काचेच्या अधिक जवळचे ठरते. काचेप्रमाणेच ते दाबाखाली फार मोठा भार सोसते, पण ताण पडला की लवकर तुटते, कारण धातूसारखे किंचित वाकून ताण जिरवण्याची सोय त्याच्यात नसते. त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे पहिल्या दिवसापासून असतात; चावताना पडणारा ताण त्या तड्यांच्या टोकांशी एकवटतो, आणि लाळेतले पाणी तिथल्या सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्यामधले बंध हळूहळू तोडत राहते. त्यामुळे तडा वर्षानुवर्षे कणाकणाने पुढे सरकतो आणि एके दिवशी अगदी मऊ भाकरीच्या घासालाही तुकडा निघतो. पुष्कळ जण दवाखान्यात येऊन 'कठीण काहीच खाल्ले नव्हते' असे सांगतात, ते खरेच असते.

मात्र कप पोकळ असतो आणि कॅपला आतून दाताचा किंवा धातूचा घट्ट आधार असतो, ही गोष्ट यजमानांच्या म्हणण्यातून निसटली आहे. डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी १९०३ च्या सुमारास निव्वळ पोर्सेलीनची कॅप रूढ केली, तेव्हा ती दिसायला सुरेख होती, पण दाढांवर टिकत नव्हती. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतील संशोधक वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट घेतलेल्या पोर्सेलीनमध्ये ल्युसाइट नावाच्या स्फटिकांचे प्रमाण असे राखलेले होते, की ते धातूबरोबर भाजून एकजीव करता येऊ लागले. तुमची कॅप त्याच कुळातली आहे. धातूच्या पातळ टोपीवर पोर्सेलीनचे थर देऊन ते साधारण ९०० ते ९५० अंश सेल्सियसला भाजतात, आणि निवत असताना पोर्सेलीनपेक्षा किंचित अधिक आकसणारा धातू मुद्दाम निवडतात. परिणामी निवल्यानंतर पोर्सेलीन कायम थोडे दाबाखाली राहते, आणि दाब सोसणे हेच तर त्याला उत्तम जमते. नीट केलेली अशी कॅप पंधरा-वीस वर्षे चाललेली पाहायला मिळते, म्हणून सात वर्षांत तुकडा निघाला तर त्याचे कारण शोधणे योग्यच आहे.

हे शोधण्याचे काही काम तुम्हाला घरीच करता येईल. यजमानांना मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तुटलेली जागा पाहायला सांगा. तिथे स्वच्छ, करडा धातू चमकत असेल तर पोर्सेलीन धातूपासून सुटून आलेले आहे, म्हणजे दोन्हींमधला जोड कच्चा राहिला होता, आणि हा दोष बहुधा घडणीतला असतो. तिथे पांढरा, खडबडीत थर शिल्लक असेल तर जोड पक्का होता आणि पोर्सेलीन स्वतःच भाराखाली तुटले. करड्या किंवा पांढऱ्याऐवजी पिवळट-तपकिरी काही दिसत असेल तर तो खालचा दात असू शकतो; तसे असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या, कारण रूट कॅनाल झालेल्या दातात संवेदना नसते आणि तो आतून किडत असला तरी दुखून सांगत नाही.

मग जपून ठेवलेला तुकडा हातात घ्या. आगपेटीच्या काडीची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते. तुकडा तिच्यापेक्षा बराच जाड असेल, तर आतली धातूची टोपी दाढेच्या आकाराप्रमाणे न उचलता लहान ठेवली गेली होती आणि तिच्यावरचे पोर्सेलीन आधाराविना पुढे आलेले होते. दोन मिलिमीटरहून जाड, आधार नसलेले पोर्सेलीन लवकर तुटते हे कॅप घडवणाऱ्या लॅबमधल्या अनुभवी माणसाला पक्के ठाऊक असते. तुकड्याच्या बाहेरच्या, म्हणजे चावण्याच्या बाजूला एखादा सपाट, घासून गुळगुळीत झालेला चट्टा दिसतो का, हेही उजेडात फिरवून पाहा. तो दिसला तर समोरची दाढ त्या जागी पुन्हा पुन्हा घासत होती असे समजावे, आणि तसे घासणे जेवताना फारसे होत नाही. ते झोपेत दात खाताना होते. हा तुकडा डबीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा, फेकून देऊ नका. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तो जागेवर बसवण्याचा प्रयत्न मात्र कृपा करून करू नका. तुकडा केसभर जरी उंच बसला तरी दाढेवर भलत्या जागी भार येतो, आणि त्या थरामुळे डॉक्टरांना पुढची दुरुस्ती करणे अवघड होऊन बसते.

दुरुस्तीविषयी तुम्ही विचारले आहे. तुकडा लहान असेल आणि चावण्याचा भार त्या जागी येत नसेल, तर कडा घासून गुळगुळीत करणे एवढेच पुरते. मध्यम तुकड्याच्या जागी कॅप तोंडात असतानाच कंपोझिट, म्हणजे दात भरायला वापरतात तो राळेचा पदार्थ, भरता येते. त्यासाठी शिल्लक पोर्सेलीनवर हायड्रोफ्लुओरिक आम्लाने सूक्ष्म खरखर आणतात, त्यावर सायलेन नावाचा द्रव लावतात आणि मग दाताच्या रंगाचे कंपोझिट थराथराने बसवतात. हे आम्ल त्वचेला आणि हिरडीला भाजणारे असल्यामुळे रबराचा पडदा लावून, तो दात बाकीच्या तोंडापासून वेगळा ठेवूनच ते वापरले पाहिजे. अशी दुरुस्ती काही वर्षे चालते, परंतु रोज जिथे चावायचे त्या उंचवट्यावर, त्यातही करडा धातू मोठ्या भागावर उघडा पडला असेल तर, ती फार टिकेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. कॅपची कड हिरडीजवळ नीट बसलेली असेल, एक्स-रेमध्ये कीड दिसत नसेल आणि खर्च सध्या टाळायचा असेल, तर दुरुस्ती करून वर्ष-दोन वर्षे काढणे हा रास्त मार्ग आहे, आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारण्यात संकोच बाळगू नका.

आता झिरकोनिया, म्हणजे झिरकोनियम धातूच्या ऑक्साइडपासून भाजून केलेला कठीण पदार्थ (सिरॅमिक). पदार्थांचे बळ वाकवण्याच्या चाचणीत मेगापास्कलमध्ये मोजतात. जुन्या पद्धतीच्या फेल्डस्पारी पोर्सेलीनचे बळ ६० ते १०० भरते, लिथियम डायसिलिकेट या काच-सिरॅमिकचे साधारण ३५० ते ५००, आणि दाढांसाठीच्या मूळ प्रकारच्या झिरकोनियाचे ९०० ते १२०० पर्यंत जाते. झिरकोनियाचा खरा गुण मात्र या आकड्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. त्यात यिट्रियम ऑक्साइड सुमारे ३ टक्के मिसळलेले असते. तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात, त्यांचे आकारमान ३ ते ५ टक्क्यांनी वाढते, आणि त्या फुगण्याने तडा दोन्ही बाजूंनी आवळला जातो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ मध्ये हा गुण दाखवून दिला, आणि इतर सिरॅमिकमध्ये जो तडा सरळ आरपार गेला असता तो इथे अडखळतो, याचे कारण हेच आहे.

असे असले तरी झिरकोनिया हे एकाच पदार्थाचे नाव नाही, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. मूळ झिरकोनिया बळकट असला तरी अपारदर्शक आणि पांढराफटक दिसतो. त्याला दातासारखी झाक यावी म्हणून यिट्रियमचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास वाढवलेले प्रकार आले. ते दिसतात छान, पण रचना बदलून तडा आवळण्याचा गुण त्यांच्यात फारसा उरत नाही आणि बळही जवळपास निम्म्यावर येते. शिवाय सुरुवातीच्या काळात झिरकोनियाच्या टोपीवर शोभेसाठी पोर्सेलीनचा थर देत असत, आणि आतली टोपी शाबूत राहून वरच्या थराचे टवके उडत असत. म्हणून डॉक्टरांना नुसते 'झिरकोनिया का?' असे न विचारता, ती एकसंध आहे की वर पोर्सेलीनचा थर आहे, आणि दाढेसाठीच्या बळकट प्रकारातली आहे की समोरच्या दातांसाठीच्या पारदर्शक प्रकारातली, असे विचारा. तुमच्यासारखे दात खाणाऱ्या व्यक्तीच्या पहिल्या दाढेसाठी मी एकसंध, बळकट प्रकारच सुचवीन, आणि चावण्याच्या बाजूला तिची जाडी निदान एक मिलिमीटर असावी असा आग्रह धरीन.

फुटत नाही का, या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की पुरेशी जाड, एकसंध झिरकोनियाची कॅप क्वचितच फुटते. परंतु कॅप फुटली नाही म्हणून भार नाहीसा होत नाही. दाढांमध्ये पूर्ण जोर लावून चावले तर ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे पन्नास ते सत्तर किलो वजनाइतका भार पडू शकतो. जेवताना आपण त्याचा लहानसा भागच वापरतो. झोपेत दात खाताना मात्र जबड्याला आवर घालणारी जाग नसते. तो भार कॅपने सोसला तर तो सिमेंटवर, खालच्या दाताच्या भिंतींवर, मुळावर किंवा समोरच्या दाढेवर उतरतो. रूट कॅनाल झालेली दाढ आधीच पोखरलेली असते. तिचे मूळ उभे चिरले तर जगातली कोणतीही कॅप तिला वाचवू शकत नाही आणि दाढ काढावी लागते. म्हणून जुनी कॅप काढल्यावर हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी दात शिल्लक आहे का, हे डॉक्टरांनी पाहणे अत्यंत गरजेचे आहे. नवी कॅप त्या पट्ट्याला कवेत घेते आणि त्यामुळे मुळावरचा ताण कमी होतो. हा पट्टा नसेल तर पंधरा वर्षांच्या वॉरंटीच्या कार्डाला मी काडीची किंमत देणार नाही.

वेगवेगळ्या पदार्थांच्या कॅपवरील अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाच वर्षांनंतर शंभरातील सुमारे ९५ धातू-सिरॅमिक (तुमच्या कॅपच्या जातीच्या), ९६ ते ९७ काच-सिरॅमिक, ९२ झिरकोनिया आणि ९१ साध्या पोर्सेलीनच्या कॅप जागेवर होत्या. प्रयोगशाळेत सर्वांत बळकट ठरणारा झिरकोनिया इथे पहिला आलेला नाही, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळातल्या बहुतेक झिरकोनियाच्या कॅपवर पोर्सेलीनचा थर असे हे त्याचे एक कारण, आणि सुटून येणे हे दुसरे. काच-सिरॅमिकवर आम्लाने खरखर आणून ते दाताशी घट्ट चिकटवता येते, तर झिरकोनियावर त्या आम्लाचा उपयोग होत नाही. त्याच्या आतल्या बाजूवर बारीक ॲल्युमिनाचा मारा करून विशिष्ट रासायनिक प्रायमर किंवा सिमेंट वापरावे लागते. तुमची दाढ उंचीला आखूड असेल तर चिकटवण्याच्या या पायरीत कसूर चालणार नाही.

यावरून यजमानांच्या दुसऱ्या सूचनेकडे येऊ. पूर्ण धातूची कॅप जुनाट समजून मोडीत काढू नये. तिच्यासाठी दात सर्वांत कमी घासावा लागतो, तिचा टवका उडत नाही, आणि सोन्याच्या मिश्रधातूची असेल तर तिच्यावर चावणाऱ्या वरच्या दाताची झीज फार कमी होते. अगदी मागची दाढ असेल, वर-खाली जागा कमी असेल आणि रंगाची फिकीर नसेल, तर मी आजही तिची शिफारस करतो. तुमची पहिली दाढ हसताना थोडी दिसते, तेवढ्यावरून निर्णय तुम्ही घ्यायचा आहे. सोने परवडणारे नसेल आणि साध्या मिश्रधातूचा विचार असेल, तर एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा : खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने तुमच्या अंगावर पुरळ उठत असेल, तर तुम्हाला निकेलची ॲलर्जी असण्याचा संभव आहे आणि निकेलचा मिश्रधातू टाळला पाहिजे.

पदार्थ कोणताही निवडा, कॅप बसवण्याच्या दिवशी एका गोष्टीकडे लक्ष द्या. डॉक्टर रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगतात आणि जिथे ठसा गडद उमटतो तिथे कॅप हिऱ्याचे बारीक कण लावलेल्या फिरत्या टोकाने (बरने) घासतात. या घासण्याने वरची चकाकी जाते आणि तो भाग खरखरीत होतो. झिरकोनिया तसाच खरखरीत सोडला तर वरच्या दाढेचे इनॅमल त्याच्यावर घासून झिजत जाते. उलट तोच झिरकोनिया एकाहून एक मऊ अशा रबरी चाकांनी टप्प्याटप्प्याने चकचकीत केला, तर इनॅमलची झीज साध्या पोर्सेलीनपेक्षाही कमी होते. नुसती चकाकीची भट्टी देऊन आणलेला वरचा थर काही काळाने उतरतो, त्यामुळे पॉलिशला पर्याय नाही. उठण्यापूर्वी त्या जागेवरून जीभ फिरवा. खरखर लागली तर 'थोडे पॉलिश करून द्या' असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता त्या दोन सवयी. झोपेत दात खाण्याची खूण तुमच्या तोंडात आणखीही सापडेल : सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला वाटणे, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरट वळ असणे, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटणे, आणि सुळ्यांची टोके सपाट झालेली दिसणे. असे असेल तर कडक ॲक्रिलिकची, तुमच्या दातांच्या मापाची रात्रीची पट्टी घ्यावी. ती नवी कॅप बसल्यानंतरच करून घ्या, नाहीतर कॅपनंतर ती बसणार नाही आणि पैसे वाया जातील. दुकानात मिळणारी मऊ पट्टी मला पसंत नाही. काही जण ती रात्रभर अधिकच चावत राहतात. तुम्ही घोरत असाल आणि दिवसा झोप येत असेल, तर हेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि दात खाणे अनेकदा एकाच व्यक्तीत आढळतात.

सुपारीविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. अडकित्त्याने कातरलेले खांड एकाच उंचवट्यावर रोज ठेवून फोडणे म्हणजे कॅपच्या नेमक्या एका बिंदूवर सगळा भार टाकणे. पसरलेल्या घासाने जे होत नाही ते या टोकदार भाराने होते, आणि एकसंध झिरकोनिया ते कदाचित सोसेल, पण शेजारचा नैसर्गिक दात सोसणार नाही. हे झाले दातांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तिच्यात तंबाखू नसली तरीही, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. भाजली किंवा सुवासिक केली म्हणून ती निर्धोक होत नाही. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आरशासमोर उभ्या राहून स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, ते आजच पाहा. जात नसतील, किंवा तिखटाने तोंड पूर्वीपेक्षा जास्त झोंबू लागले असेल, तर कॅपच्याही आधी तेवढ्यासाठी तपासून घ्या. सुपारी सोडा, ताई. जेवणानंतर तोंडात काही लागतेच, तर बडीशेप आहे.

समोरच्या दाताचा हिशेब निराळा आहे. तिथे चावण्याचा भार कमी आणि दिसण्याला महत्त्व अधिक, म्हणून लिथियम डायसिलिकेट मला तिथे अधिक योग्य वाटते. त्यातून उजेड नैसर्गिक दातासारखा आत जातो आणि ते दाताला घट्ट चिकटते. खालचा दात रूट कॅनालमुळे काळपट पडला असेल किंवा आत धातूचा खांब असेल, तर ती काळी झाक बाहेर दिसू नये म्हणून अपारदर्शक आतले थर लागतात, आणि तेव्हा झिरकोनियाचा विचार होऊ शकतो. रंग दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक न लावता आणि दात कोरडे पडण्याआधी, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्या.

वॉरंटीचे कार्ड जरूर घ्या आणि जपून ठेवा. त्यावर कोणत्या प्रकारचा पदार्थ वापरला आहे हे लिहिलेले असते आणि पुढे कोणत्याही डॉक्टरला ते उपयोगी पडते. मात्र ही हमी सहसा लॅबची आणि कॅपपुरती असते. खालचा दात किडला, मूळ चिरले किंवा हिरडी आटून कड उघडी पडली, तर ते तिच्यात येत नाही, आणि नव्याने बसवण्याची डॉक्टरांची फी बहुधा वेगळी द्यावी लागते. कॅप निकामी होण्याचे एक मोठे कारण कीड हेच आहे. कॅप किडत नाही, तिच्या कडेचा दात किडतो, म्हणून रात्री दोन दातांमध्ये लहान ब्रश किंवा दोरा फिरवणे आणि वर्षातून एकदा तपासणी करणे यांना पर्याय नाही. आणखी एक बारकी गोष्ट : फ्लुओराइडची आम्लयुक्त जेल पोर्सेलीनची चकाकी खाते, तेव्हा दातांना फ्लुओराइड लावायचे ठरले तर कॅप असल्याचे सांगून आम्ल नसलेला प्रकार मागा.

खर्चाची अडचण असेल तर तुमच्यापासून जवळच मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे; तिथे कॅपच्या कामाचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो, फक्त खेपा जास्त पडतात आणि रांगेत वेळ जातो. दिवाळीपूर्वी काम हवे असेल तर निदान महिनाभर आधी सुरुवात करा. जुनी कॅप कापून काढणे, खालच्या दाताची आणि रूट कॅनालची तपासणी, माप, लॅबचे काम आणि शेवटी बसवणे यांना दोन ते तीन आठवडे सहज लागतात, आणि आत कीड सापडली तर आणखी. सणाच्या तोंडावर लॅबमध्येही गर्दी असते, आणि घाईत केलेल्या मापाची कड नीट बसत नाही.

तोवर त्या बाजूने कठीण काही चावू नका, आणि गाल सोलवटत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन फक्त ती कड घासून घ्या. ते दोन मिनिटांचे काम आहे. मधल्या काळात तात्पुरती कॅप लावली जाईल. चकली, कडक लाडू आणि चिकट चिक्की तिच्यावर येऊ देऊ नका. ती निघालीच तर धुऊन डबीत ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा बसवून घ्या, कारण दात उघडा राहिला तर शेजारचे आणि वरचे दात थोड्याच दिवसांत किंचित सरकतात, आणि मग लॅबमधून तयार होऊन आलेली कॅप जागेवर बसत नाही.